टर्बाइन फिरवा, पण एकेक करून फिरवा: गोदावरी-पूर्णेच्या पाण्याचं नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ, महानिर्मितीचा जलविद्युत विभाग, वन विभागातले वन्यजीववाले, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला बसणारे सगळे साहेब,

नमस्कार.

कामाचं आधी बोलतो, कारण खुली पत्रं अर्ध्यात सोडायची सगळ्यांनाच सवय आहे. मला धरणातून जास्तीचं पाणी नकोय. पूर्णेवरचं येलदरीचं वीज केंद्र बंद करा, गोदावरीवरचं पैठणचं पॉवर हाऊस बंद करा असलं पण काही म्हणायचं नाही. उन्हाळ्यात पिकाला, नळाला जे पाणी तुम्ही तसंही सोडता तेच पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता आणि किती झटक्यात सोडायचं, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. धरणाखालच्या पात्रात जे काय जगतंय त्याला पाणी कमी असण्याचा त्रास आहेच, पण त्याहून जास्त त्रास पाणी अचानक येण्या-जाण्याचा आहे असं माझं मत झालंय आणि ते का झालं ते खाली लिहितो.

मी जिंतूर तालुक्यातला. वडील वीज मंडळात वायरमन होते, पावसापाण्यात खांबावर चढून त्यांनी आख्खी नोकरी केली, त्यामुळं लाइट नसली की काय हाल होतात ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पक्षी बघायचा नाद नंतर लागला. म्हणून विजेच्या बाजूनं आधी हिशोब मांडतो. येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच (टर्बाइन आणि जनरेटरची जोडी) म्हंजे २२.५, पैठणला १२ मेगावॅटचा एक, माजलगावला पाऊण-पाऊण मेगावॅटचे तीन म्हंजे २.२५. तिन्ही मिळून पावणेसदतीस मेगावॅट. तिकडं एकटी कोयना १९०० मेगावॅटच्या वर आहे. आपली केंद्रं लहान आहेत आणि ती चालतात पण सिंचनाच्या पाण्यावर, म्हंजे पाणी शेताला जायचंच असतं, जाता जाता टर्बाइन फिरवून जातं. मग टर्बाइन फिरवायची वेळ चार तास इकडं-तिकडं केली, तीन संचांऐवजी एक संच चालवला, तर महाराष्ट्राची लाइट जाणार आहे का? नाही जाणार. खाली पूर्णेत मात्र लै फरक पडतो.

फरक काय पडतो ते सांगायला एकच पक्षी घेतो, नदी सुरय. करडा-पांढरा, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी धमक, शेपटी दुभंगलेली, पाण्यावरून उडता उडता सूर मारून मासा उचलणारा. हा पक्षी झाडावर घरटं करत नाही. मार्च ते मे, पात्रातलं पाणी खाली गेलं की मधे जे वाळूचं बेट किंवा खडकाचा उंचवटा उघडा पडतो त्याच्यावर नुस्ता एक खळगा करून अंडी घालतो. अंड्याचा रंग वाळूसारखा, ठिपक्या-ठिपक्याचा, पायाखाली आलं तरी कळत नाही. साधारण तीन आठवडे उबवणं आणि मग पिल्लू उडेपर्यंत अजून महिनाभर. एवढे दिवस ते बेट कोरडं पायजे आणि चारी बाजूनं पाणी पण पायजे, कारण पाणी आटून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री, कोल्हे, मुंगूस चालत येऊन सगळं साफ करतात. बेट बुडलं तरी मेलं, कोरडं पडलं तरी मेलं. त्याला पाण्याची पातळी सारखी पायजे बस.

आणि नेमकं मार्च ते मे आपलं उन्हाळी आवर्तन, म्हंजे शेतीला पाणी सोडायची पाळी. संच चालू झाला की पाणी चढतं, बंद झाला की उतरतं. पक्षी अंडी घालतो तो त्या दिवशीच्या काठाच्या हिशोबानं घालतो, उद्या संध्याकाळी तीनही संच चालू होणारेत हे त्याला कोण सांगणार. माणसांसाठी भोंगा वाजतो, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर सतर्कतेचा इशारा येतो, दवंडी होते, सगळं बरोबर आहे, झालंच पायजे. मोटारी काढायला पण वेळ मिळतो. अंड्याला उठून जाता येत नाही.

हे नुस्तं सुरयचं नाही. नदी टिटवी, करवानक, असे वाळूवर-गोट्यावर अंडी घालणारे सगळेच त्यात आले. पाणमांजराचं बीळ काठाला असतं, पाणी एकदम चढलं की पिल्लं आत असताना बीळ भरतं. कासवं काठाच्या वाळूत-मातीत अंडी पुरतात, त्यात दक्षिणेतल्या नद्यांत सापडणारं लीथचं मऊ पाठीचं कासव तर जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे, म्हंजे नामशेष व्हायच्या एक पायरी अलीकडं. आणि उलटा मार पण आहे ना, संच बंद केल्यावर पाणी झपकन उतरतं तेव्हा काठाच्या डबक्यात बारीक मासळी अडकते, उन्हानं ते डबकं दुपारपर्यंत तापतं आणि मग बगळ्यांची चैन. बगळ्यांबद्दल काही तक्रार नाही माझी, पण ती पोना-बोटुकली पुढं जाऊन मोठी झाली असती तर भोयांच्या जाळ्यात आली असती.

आता तुम्ही म्हणाल मग करायचं काय. येलदरीचं उदाहरण घ्या. येलदरीतून टर्बाइनवाटे सुटलेलं पाणी पूर्णेतून खाली सिद्धेश्वरला जातं आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वरवरून. म्हंजे शेतकऱ्याच्या चारीला पाणी कधी येणार ते सिद्धेश्वरच्या गेटवर ठरतं, येलदरीच्या बटणावर नाही. मधे एक आख्खं धरण बफर म्हणून बसलंय! मग येलदरीचे तीन संच आठ तास चालवायचे आणि सोळा तास बंद ठेवायचे, ह्याऐवजी एकच संच चोवीस तास चालवला तर पाणी तेवढंच जातं, शेतकऱ्याला तेवढंच मिळतं, वीज पण जवळजवळ तेवढीच होते, आणि पात्रातली पातळी जागेवर राहते. जिथं संध्याकाळच्या मागणीला तीनही संच लागतातच म्हणता तिथं पहिला चालू करून दोन-तीन तासांनी दुसरा, मग तिसरा, आणि बंद करताना पण तसंच उलट्या क्रमानं. जगात जिथं जिथं ह्याचा विचार झालाय तिथं पाण्याची पातळी तासाला किती चढवायची-उतरवायची ह्याला मर्यादा घालतात, त्यात काही रॉकेट सायन्स नाही आणि त्याला बजेट पण लागत नाही. ऑपरेटरच्या टेबलावर एक पान चिकटवावं लागेल.

अजून एक गोष्ट, ही मला वाटतं सगळ्यात स्वस्तातली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी, पक्षी जागा निवडायच्या आधीच, आवर्तनात जेवढी पातळी येणार आहे तेवढी एकदा येऊ द्यायची. म्हंजे खालची बेटं आधीच पाण्यात जातील आणि पक्षी आपणहून वरच्या बेटावर घर करतील. नंतर पाणी त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. कमीत कमी दीड-दोन महिने.

असलं कुणी करतं का? करतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन नावाचं प्रचंड धरण आहे, तिथं २०१८ ते २०२० असे तीन उन्हाळे मे ते ऑगस्ट शनिवार-रविवार पाणी कमी आणि एकसारखं ठेवलं, कशासाठी तर पाण्यातल्या किड्यांसाठी. किडे पाण्याच्या काठाला दगडावर अंडी घालतात, पाणी उतरलं की अंडी वाळतात, किडे नाहीत तर मासे नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी जेव्हा विजेची मागणी कमी असते तेव्हा किड्यांना दोन दिवस दिले. बाकी पाच दिवस वीज जशीच्या तशी. तिथल्या इंजिनिअर लोकांना किड्यांसाठी वेळापत्रक बदलताना लाज वाटली नाही, आपण तर पक्ष्यांबद्दल बोलतोय.

आणि तारखा ठरवून गेट चालवायचं आपल्याला नवीन आहे असं पण नाही. धर्माबादजवळचं बाभळी बॅरेज आठवा. आंध्र आणि आपल्यात किती वर्षं भांडण चाललं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की १ जुलै ते २८ ऑक्टोबर गेट वर ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. त्या तारखांना आजपण गेट हलतात, दोन्ही राज्यांचे अधिकारी उभे असतात, पेपरात फोटो येतो. खालच्या राज्यासाठी कॅलेंडर पाळता येतं तर खालच्या पात्रासाठी का नाही? फक्त इथं दुसऱ्या बाजूनं भांडायला कुणी राज्य नाही, एवढाच फरक.

मला माहितीय ह्यावर पहिलं उत्तर काय येणार. "इथं माणसाला प्यायला नाही आणि तुम्ही चिमण्यांचं घेऊन बसलात." साहेब, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या आदल्या वर्षी पाणी नाही म्हणून परळीचं थर्मल बंद ठेवावं लागलं. पैठणची जायकवाडी मृतसाठ्यात गेलेली आम्ही किती वेळा बघितली. दुष्काळात माणूस आधी, जनावर नंतर, ह्यात वादच नाही, आणि तसल्या वर्षी तर टर्बाइन पण फिरत नाही, विषयच संपला. पण सगळी वर्षं दुष्काळाची नसतात ना. २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं, गंगाथडीची, म्हंजे गोदाकाठची, किती गावं पाण्यात गेली. अशा भरल्या वर्षाच्या पुढच्या उन्हाळ्यात तरी वेळापत्रक पाळायला काय हरकत आहे? दुष्काळाचं कारण भरल्या धरणाला लावू नका एवढंच.

आता पैठण. नाथसागराचं, म्हंजे जायकवाडीच्या जलाशयाचं, प्रकरण वेगळं आहे, कारण तिथं धरण आणि अभयारण्य एकच आहे. १९८६ ला जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं, सव्वातीनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. रोहित (फ्लेमिंगो) येतात, हिमालय ओलांडून पट्टेरी राजहंस येतात, चक्रवाक, दर्वीमुख, चित्रबलाक. धरण उथळ, ताटासारखं पसरट, त्यामुळं पातळी थोडी जरी उतरली तरी काठाचा गाळ लांबपर्यंत उघडा पडतो, त्याच गाळात चिखल्या-तुतवारींचं खाणं असतं आणि त्याच गाळात आपली गाळपेर, म्हंजे पाणी ओसरल्यावर केलेली पेरणी. म्हंजे पातळी किती वेगानं उतरते ह्याच्यावर पक्षी पण जगतात आणि गाळपेर करणारा पण. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ काय म्हणतं ते वन्यजीव विभागाच्या साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, अभयारण्यात येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवायचा, अडवायचा किंवा वाढवायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मी असं नाही म्हणत की प्रत्येक आवर्तनाला परवानगीची फाइल फिरवा, फाइल फिरेपर्यंत पीक जळून जाईल. पण पाण्याच्या नियोजनाच्या बैठकीत वन्यजीव विभागाचा माणूस बोलला पायजे, नुस्ता चहा पिऊन येऊ नये. कायद्यानं तुम्हाला खुर्ची दिलीय, तिच्यावर बसा तरी.

पैठणचा संच उलटा पण फिरतो, म्हंजे खालचं पाणी परत वर ओढायची सोय त्याच्यात आहे. अशा पंपिंगच्या वेळी खालच्या तळ्यातली बारीक मासळी, अंडी, सगळं आत ओढलं जायचा धोका असतो. टर्बाइनमधून जाताना पात्याचा मार तर आहेच, पण दाब एकदम कमी झाला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते, वरून मासा धड दिसतो पण जगत नाही. ह्याच्यावर उपाय म्हंजे तोंडाला बारीक गाळ्याची जाळी आणि पाणी ओढायचा वेग कमी. सध्या जी जाळी असते ती ओंडके, जलपर्णी, कचरा अडवायला असते, तिच्या गजातलं अंतर माशांच्या हिशोबानं कुणी ठरवलेलं नसतं. पुढच्या दुरुस्तीला, संच तसाही बंद असताना, हे बघा. आणि इथून पुढं ह्या सोयीचं महत्त्व वाढणार आहे, कमी होणार नाही. सोलर जसजसं वाढतंय तसतशी दुपारी वीज जास्त आणि संध्याकाळी कमी, मग दुपारी पाणी वर आणि संध्याकाळी खाली हा खेळ राज्यात सगळीकडं वाढत चाललाय. नाथसागरावरच्या तरंगत्या सोलरचा वाद एनजीटीतून (राष्ट्रीय हरित लवाद) सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आला, मासेमारी करणारा कहार समाज तिथं हरला. तो विषय मी इथं उकरत नाही. फक्त रोज संध्याकाळी नदीला भरती आणायची असेल तर त्याचे नियम आत्ताच, मशीन लहान आहेत तोवर ठरवा. मोठ्या गुत्तेदाराची मशीन बसल्यावर नियम करायला जाल तर तो करारनामा दाखवेल.

माशांचं अजून एक. खोल धरणात उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि तळाचं गार राहतं, दोन्ही मिसळत नाहीत, तळाला ऑक्सिजन संपत जातो. टर्बाइनचं तोंड खालच्या बाजूला असलं की तेच पाणी नदीत येतं. दिसायला निवळशंख, पण मासा त्यात गुदमरतो. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यात १९९० च्या दशकात टर्बाइनमधूनच पाण्यात हवा सोडायची सोय केली (हेच ते टेनेसी ज्याचा कित्ता गिरवून आपलं दामोदर खोरं उभं राहिलं). आपल्याकडं मी एवढं पण मागत नाही. धरणाखाली पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं एक मीटर लावा आणि आकडा रोज वेबसाइटवर टाका. धरणात किती टक्के पाणी ते रोज सांगताच की, त्याच्याच बाजूला अजून एक रकाना. पावसाळ्यात "जलविद्युत केंद्रातून इतके क्युसेक" ही बातमी पण रोज येते. उन्हाळ्यात तीच बातमी आदल्या दिवशी येऊ द्या.

वाहतं पाणी ठेवा ही मागणी मी मुद्दाम मागं ठेवलीय, कारण तिथं भांडण मोठं आहे. एनजीटीनं २०१७ ला सांगितलंय की कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नद्यांत वाहतं पायजे. उत्तरेतल्या गंगेसाठी २०१८ ला केंद्रानं वेगळी अधिसूचना काढून उगमापासून हरिद्वारपर्यंत महिन्यागणिक टक्के ठरवून दिले. आपल्या गंगेला, गोदावरीला, तसलं काही नाही. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, विष्णुपुरी, बाभळी, एकामागं एक बंधारे आणि बॅरेज, नदी कमी आणि तळ्यांची रांग जास्त झालीय. त्यामुळं मधे मधे जे वाहते, उथळ, वाळूचे तुकडे उरलेत तेवढे तरी शोधून, नकाशावर घेऊन, त्यांच्यापुरतं तरी पाणी ठरवा. सगळी नदी एकदम नका घेऊ, होणार नाही ते.

आता आमच्या बाजूचं पण लिहितो नाहीतर लोक म्हणतील सगळं साहेबांवरच ढकललं. टर्बाइननं बेट बुडतं हे खरं, पण बेट राहिलं तर बुडेल ना. वाळू ओढायची केनी लावून, तराफ्यावरून, रात्रभर वाळू उपसायची आणि पहाटे हायवा टिपर भरून लाइनीनं निघायचे, हे कोण करतं? आपलीच गावं, आपलेच पाहुणे. जिलेटिन टाकून, पाण्यात करंट सोडून मासे मारणारे पण बाहेरून येत नाहीत. महसूलवाले तराफे जाळतात, आठवड्यात नवे तयार होतात. म्हणून नुस्तं पाण्याचं वेळापत्रक करून भागणार नाही, मार्च ते जून ठरावीक बेटांवर माणूस पायजे. चंबळच्या काठावर बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पाणचिरा पक्ष्याची घरटी राखायला गावातलीच माणसं नेमली. आपल्याकडं भोई-कहारांपेक्षा पात्र जास्त कुणाला कळतं? मासेमारी सोसायट्यांना सोबत घ्या, तीन-चार महिन्यांचं मानधन द्या, बेट राखायचं काम द्या. ज्या बेटावर रात्री बॅटरी घेऊन माणूस बसलेला असेल तिथं केनी पण सहजासहजी येत नाही, म्हंजे महसूलचं पण काम हलकं.

तर आता नेमकं काय करायचं ते. उन्हाळी आवर्तन ठरवायला कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा, "जलविद्युत केंद्राखालील पात्रातील पातळी, मार्च ते जून". त्या दिवशी वन्यजीव विभागाचा एक अधिकारी आणि मासेमारी सोसायटीचा एक माणूस बोलवा. सुरुवात फक्त येलदरी ते सिद्धेश्वर एवढ्याच तुकड्यावर करा, कारण तिथं कालव्याचा प्रश्न येत नाही आणि फसलं तरी कुणाचं नुकसान नाही. एक उन्हाळा एक संच सलग चालवून बघा, खाली किती घरटी टिकली ते आम्ही पक्षी बघणारे मोजतो, तुमचा माणूस सोबत द्या म्हंजे आकड्यावर नंतर वाद नको. मागच्या काही उन्हाळ्यांत कोणत्या बेटांवर अंडी दिसली त्याचा हातानं काढलेला नकाशा आमच्याकडं आहे, तो द्यायला आम्ही तयार आहे. उघड्यावर मात्र टाकणार नाही, कारण वाळूवाले पण वाचतात.

कळावे,
जिंतूर तालुक्यातला एक पक्षी बघणारा